महिनाभर आधीचं औक्षण

मी काही मोठी भाविक वगैरे नाही. आमच्या घरी देवापुढे दिवा लावायचा म्हटलं तर आधी काडेपेटी शोधावी लागते, आणि काडेपेटी सापडली की तेल संपलेलं असतं. मी आणि माझा नवरा, दोघंही एकाच माळेचे मणी. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आमच्या दोन खोल्यांत स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये सापडली आहे आणि विजेचं बिल पोळ्यांच्या डब्यात. त्यामुळे आमच्या लेकीच्या, ओवीच्या, पाचव्या वाढदिवसाची मला खूप आधीपासून धास्ती होती. तो नुसता वाढदिवस नव्हता, नवस होता.

ओवी दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मली. तेरा दिवस काचेच्या पेटीत होती. मी खाटेवर, नवरा औषधांच्या धावपळीत, आणि दाराबाहेरच्या बाकावर त्याची आत्या, हातात जपमाळ घेऊन. दर्पण कॉलनीतून त्या रोज पहाटे यायच्या आणि दिवे लागल्यावर जायच्या. त्यांनीच दत्ताला साकडं घातलं, की पोरगी वाचू दे, पाचव्या वाढदिवसाला तिला पाच दिव्यांनी ओवाळू. चौदाव्या दिवशी ओवीला माझ्या कुशीत दिलं. तेव्हापासून तिला साधं पडसं झालं तरी माझ्या मनात यायचं, की हा नवस चुकला तर? वेडेपणा म्हणा, पण आईच्या मनाला कोण समजावणार.

पाच दिवे म्हणजे पाच सवाष्णी, असं मी धरूनच चालले. ओळखीतल्या पाच मराठी बायकांना मोठ्या तोऱ्यात नुसती तिथी सांगितली, "माघ वद्य पंचमीला सकाळी या हं." तारखेचे वाढदिवस केकवाल्यांचे, आमचा तिथीचा, असा माझा रुबाब. आणि आत्यांना काय सांगितलं? इथे मला खरं लिहायला हवं. त्यांना म्हटलं, "तुम्ही आपल्या दुपारी जेवायला या." आत्यांचे यजमान जाऊन बावीस वर्षं झाली होती. कुठेही ओवाळण्याची वेळ आली की त्या आपणहून आत स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, आणि कोणी त्यांना बाहेर बोलवायचं नाही. मीही नाही बोलावलं. तेरा दिवस बाकावर बसलेल्या बाईचं नाव माझ्या पाचांत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, की पुरणाला हरभऱ्याची डाळच नाही. मी समजत होते नवऱ्याने आणली, तो समजत होता मी आणली. नया बाजारात जायचं तर स्कूटर पंक्चर. नवऱ्याने घाबरून आत्यांना फोन लावला, "आत्या, उद्या ओवीचा वाढदिवस अन् घरात डाळीचा दाणा नाही!" मग त्या म्हणाल्या, "उद्या का? बरं. पुरण मी घेऊन येते."

सकाळी दार उघडलं तर गल्ली नव्हतीच. इतकं दाट धुकं, की समोरच्या घराचा फक्त दिवा दिसत होता, घर नाही. चहावाल्याची हाक ऐकू येत होती, चहावाला कुठेच नव्हता. किल्ला तर जणू कोणी रातोरात उचलून नेला होता. घरात अर्धे फुगे फुगलेले, अर्धे तसेच. दुधाला उतू जाण्याची हौस आलेली. चांदीचं निरांजन एकच सापडलं, तेही ओवीच्या भातुकलीत. आणि या सगळ्या पसाऱ्यात ओवी मात्र हिरवं परकर-पोलकं, त्यावर स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी घालून पाटावर बसली होती, खिडकीतल्या त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत. मला ते स्वप्नात बघावं तसं वाटत होतं. कसलाच आवाज जवळून येत नव्हता.

नऊ वाजले, दहा वाजले. कोणीच येईना. शेवटी एकीला फोन केला, तर ती हसायलाच लागली, "अगं, काय हे! माघ वद्य पंचमीला अजून महिना आहे. आज पौष चाललाय, कॅलेंडर बघ." मी भिंतीकडे बघितलं. तिथे किराणावाल्याने दिलेलं हिंदी पंचांग टांगलेलं. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून त्यांचा माघाचा वद्य पक्ष आपल्या महिनाभर आधी येतो. जन्म ग्वाल्हेरीत गेला, हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त लक्षात नव्हतं. बाकी सगळ्यांच्या घरी मराठी कॅलेंडर होतं.

नवरा म्हणाला, "टांगलं तूच." मी म्हणाले, "आणलं कोणी?" ओवीने पाटावरूनच विचारलं, "मम्मी, लोग कब आएंगे?" माझा बांध फुटला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मी रडले. एवढी एक गोष्ट देवाने मागितली आणि मला तीही धड जमली नाही!

तेवढ्यात खाली ई-रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी जिना उतरले. धुक्यातून आधी स्टीलचा डबा दिसला, मग शाल, मग आत्या. रिक्षावाला त्यांचा हात धरून जिन्यापर्यंत आला होता. "अम्मा को रास्ते भर यही फ़िक्र थी कि बच्ची बैठी होगी," तो म्हणाला. चहा घ्या म्हणेपर्यंत धुक्यात गेलाही.

मी डोळे पुसत घोळ सांगितला. आत्या म्हणाल्या, "मला काल फोनवरच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरीला म्हणू, महिनाभर बस पाटावर? आणि अगं, देवाच्या भिंतीवर काय एकच कॅलेंडर असेल?"

ओवी म्हणाली, "आत्याआजी, मग तूच कर ना शुरू."

आत्यांनी हात शालीत ओढून घेतले. "मी नाही, बाळा. आई करेल." आणि सवयीने त्या आत जायला वळल्या. मी खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात भीती आली. शुभ दिवस, नवसाची पोर. मी पुटपुटले, "नवसाला पाच सवाष्णी हव्यात ना..."

त्या थांबल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "दत्ताला मी पाच दिवे म्हटलं होतं गं. सवाष्णी तू घातल्यास."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पाच वर्षं मी देवाला भीत होते, आणि त्याच्याशी बोलणं ज्यांनी केलं होतं त्यांना साधं विचारलंही नव्हतं. मी उठले, तबक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आत्या, तुम्हीच ओवाळा." त्यांनी तबक खाली ठेवलं. मग पोळ्यांच्या कणकेतून गोळा घेतला आणि अंगठ्याने दाबून पाच दिवे केले. दिवे सुबक झाले.

खिडकीबाहेर सगळं पांढरं, आणि आत त्या पाच ज्योती ओवीच्या तोंडाभोवती फिरत होत्या. आत्यांचे ओठ हलत होते. त्या बाकावर हलायचे तसेच. ओवीने केकच्या सवयीने गाल फुगवले, तर आत्या लगबगीने म्हणाल्या, "अगं अगं, फुंकायचं नाही हं!" आणि आम्ही चौघंही हसलो. तेव्हा खोलीत आम्हा चौघांशिवाय आणखी कोणीतरी होतं, असं मला वाटलं. त्याहून जास्त मी काही सांगू शकत नाही.

महिन्याने, खऱ्या माघ वद्य चतुर्थीच्या पहाटे, आत्या झोपेतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी पंचमी. घरात सुतक. दिवा नाही, कुंकू नाही, ओवाळणं तर नाहीच. कोणाला काही कळवायचं भान आम्हाला नव्हतं. सकाळी त्या पाचांपैकी एकीचा फोन आला, "किती वाजता येऊ गं ओवाळायला?" मी आत्या गेल्याचं सांगितलं. ती हळहळली. मग चाचरत म्हणाली, "अगं, पण मग तुझ्या नवसाचं काय?"

मला भीती वाटली नाही. कुठे गेली होती कोण जाणे. मी म्हटलं, "तो फिटला. महिन्यापूर्वीच."

"कोणी ओवाळलं?"

"ज्यांनी ओवीला मागून घेतलं होतं, त्यांनी."

आता आमच्या भिंतीवर दोन्ही कॅलेंडरं आहेत. घोळ तरीही होतातच. पण एखादी गोष्ट हातून निसटली, की मी पूर्वीसारखी घाबरत नाही. दत्तमहाराज, आम्हाला काही जमत नाही, तुम्ही बघा, एवढं म्हणते आणि काडेपेटी शोधायला लागते.