बर्डीवरच्या काचेतली नलूताई

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत स्पिती फिरलात, मेघालयात भिजलात, कच्छच्या रणात उन्हानं करपलात. गेल्या महिन्यात एका वाचक मुलीनं मला विचारलं, "मावशी, तुमच्या फोटोंत माणसं नेहमी पाठमोरी का असतात? एकही चेहरा का नसतो?" प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायचं तर तुम्हाला खापरखेड्याहून नागपूरला घेऊन जावं लागेल, तेही सत्तरच्या दशकातल्या एस.टी.नं. अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. पण एवढी भारावून मी त्यानंतर कुठल्याच प्रवासातून परतले नाही.

जायचं ठरलं ते एका बातमीमुळे, आणि ती आनंदाची बातमी म्हणून आमच्या दारात आली होती. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू नागपूरला बर्डीच्या बाजारात जाऊन आल्या, घरी न जाता थेट आमच्याकडे शिरल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमच्या नलूचा फोटो बर्डीवर काचेत लागला ना वं. हा एवढा मोठा. मले तर पयले सिनेमातलीच कोणी वाटली. आता पुढच्या रविवारी आमी साऱ्या बाया जाऊन राहिलो पाहाले." आई कणीक मळत होती, तिचे हात परातीतच थांबले. काकूंना वाटलं, आनंदानं हिची बोलती बंद झाली.

नलूताई म्हणजे माझी मावसबहीण. यवतमाळकडे दिली होती. नवरा मारायचा, आणि तो चवीनं मारायचा, एवढंच सांगते. एका पहाटे ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली ती आमच्याकडे आली. माझे बाबा वीजकेंद्रात फिटर होते आणि आमची बदली पारसहून खापरखेड्याला नुकतीच झालेली, म्हणून तिच्या नवऱ्याला आमचा नवा पत्ता ठाऊक नव्हता. तो आधी तिच्या माहेरी जाऊन तमाशा करून आला, मग पारसला जाऊन आमची चौकशी करून आला. "सापडू द्या, पाय तोडून घरात बसवतो," असं सांगून गेला, आणि तो बोलला तसं करणारा माणूस होता. त्यामुळे वसाहतीत कुणाला काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. नवरा कुठे आहे, असं बाया विचारायच्याच. आईनं त्याला मिलिटरीत भरती करून थेट आसामला पाठवून दिलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी नलूताईला नर्सिंगच्या अर्जासाठी फोटो हवा होता, तो बर्डीवरच्या एका स्टुडिओत काढला. छोटा फोटो काढून झाल्यावर स्टुडिओवाला म्हणाला होता, "एक और, माझ्या हौसेसाठी." त्या हौसेची फळं आता काचेत लागली होती.

"धंतोलीतल्या दवाखान्यांत अख्ख्या विदर्भाचे पेशंट येतात," आई म्हणाली. "डॉक्टर दुपारी भेटत नाही, तवर सारे बर्डीवर काचा पाहत फिरतात. यवतमाळचा एखादा माणूस बस झाला." बाबांची पाळी होती, म्हणून आईनं स्वतः जायचं ठरवलं. तोवर गप्प बसलेली नलूताई उठली आणि वेणी घालायला लागली. "माझं तोंड आहे, मीच उतरवून आणीन," ती म्हणाली. आईनं डोकं धरलं आणि सोबतीला मला दिलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते. मला काळजी वाटत होती हे खरं, पण नागपूरला जायला मिळतंय म्हणून मनात लाडूही फुटत होते. दोन्ही एकाच वेळी होतं, आता काय करायचं.

सकाळची बस कोराडीवरून जायची. आजही याच रस्त्यानं जा. आता रस्ता रुंद आहे आणि बस मिळाली नाही तर दहा गाड्या मिळतात. तेव्हा खिडकीला काच नसायची आणि राखेची बारीक पूड दातांत करकरायची, तरी मी खिडकी सोडली नाही. आमच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, कोराडीच्या पुढे आल्या, मग मानकापूर, मग घरं दाट होत गेली. कंडक्टर, शेजारची बाई, मागचा म्हातारा, तिघांनीही विचारलं: कुठं जाऊन राहिल्या, काहून जाऊन राहिल्या, कोणाच्या तुम्ही. आपल्याकडे हे विचारणं म्हणजे माया असते. नलूताईनं तिघांना तीन उत्तरं दिली. एकाला दवाखाना, एकीला साड्या, एकाला मामाचं घर. पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि आवाज एकदम गोड. मी तोंडाचा आ करून ऐकत राहिले.

बर्डीला उतरल्यावर आधी खाल्लं. नागपूरला जाणाऱ्यांनी सकाळी तर्री-पोहेच खावेत, माझं यावर कुणाशीही भांडायची तयारी आहे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, नाकातून पाणी येतं, आणि तरी माणूस दुसऱ्यांदा प्लेट पुढे करतो. दोघींचं मिळून रुपयाभरात भागलं असेल. सांबारवडीही खा, पण त्यात सांबार शोधू नका. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नलूताईनं मात्र दोन घास खाऊन प्लेट माझ्याकडे सरकवली.

मग तो रस्ता. बर्डीचा मेन रोड ज्यांनी आज पाहिलाय, वरून मेट्रो जाणारा, त्यांना माझ्या तेव्हाच्या डोळ्यांनी तो दाखवता येणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचाच काचा. काचेमागे घड्याळं, काचेमागे बनारसी शालू, काचेमागे हात नसलेल्या गोऱ्या बाहुल्या नायलॉनच्या साड्या नेसून उभ्या. सायकलरिक्षांच्या घंट्या वाजत होत्या. मी चालायचं सोडून थबकत होते आणि नलूताई माझं मनगट धरून ओढत होती. आणि मग तीच थांबली.

स्टुडिओच्या काचेत भर दिवसा ट्यूबलाइट लावलेली होती आणि त्या उजेडात ती होती.

मी रोज तिच्या शेजारी झोपत होते. तिचा चेहरा मला पाठ आहे असा माझा समज होता. पण काचेतली बाई मी कधीच पाहिली नव्हती. निम्म्या दाराएवढा फोटो, काळापांढरा. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, किंचित वर पाहत होती. स्टुडिओच्या झरोक्यात चिमणीनं घरटं केलं होतं, तिकडे, हे तिनं नंतर सांगितलं. ओठ हसायला लागलेले, पण अजून हसलेले नाहीत. कपाळ मोकळं. भीती नाही. आमच्या घरी दार वाजलं की ती आधी मागच्या दाराकडे पाहायची. त्या बाईचं असं तोंडही असू शकतं हे मला रस्त्यावर उभं राहून कळलं. खोटं कशाला सांगू, मला रडूच येत होतं.

शेजारी एक म्हातारं जोडपं उभं होतं, खेड्यावरून आलेलं. म्हाताऱ्याच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा. त्याची बायको काचेला नाक लावून पाहत होती.

"कोण असंल हो ही?" ती म्हणाली.

"असंल कोणी मोठ्याघरची," म्हातारा म्हणाला.

"मोठ्याघरची काहून? सुखाची दिसते, एवढंच." आणि तिनं काचेकडे पाहून बोटं मोडून दृष्ट काढली.

नलूताई तिच्यापासून हातभर अंतरावर पदर ओढून उभी होती. म्हातारीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. जोडपं निघून गेलं तेव्हा मी तिची बाही ओढली. "चल ना वं ताई, आत जाऊ."

"दोन मिनिटं थांब," ती म्हणाली. "मलेही पाहू दे."

मी थांबले. लोक येत होते, पाहत होते, जात होते, आणि ती त्यांच्यात उभी राहून स्वतःला पाहत होती. सासरी तिला काय काय नावं ठेवायचे हे तिनं मला कधीतरी सांगितलं होतं. हा फोटो राहू द्यावा असं तिच्या मनात येत असणार, आणि तसं आलं म्हणून मी तिला दोष देणार नाही. मग तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि पायरी चढली.

स्टुडिओवाल्यानं तिला ओळखलं आणि तो उठूनच उभा राहिला. "अरे आओ आओ ताई, बसा. पाहिला ना? लोक रोड क्रॉस करून पाहाले येऊन राहिले." चहा मागवू लागला. त्याला वाटलं, आम्ही आभार मानायला आलो.

"उतरवा तो," नलूताई म्हणाली.

"काहून? खराब आला का?"

"चांगला आला. उतरवा."

त्याला काही समजेना. तो सांगत सुटला, की या काचेत लागायला लोक मागे लागतात. आणि बदनामीची तर भीतीच नको, कारण त्यानं नाव-गाव कुणालाच सांगितलं नव्हतं. "जो पुसल त्याले मी सांगतो, बंबईची हिरोईन आहे, शूटिंगले आली होती, फोटो आपल्याकडेच काढला." छाती फुगवून सांगत होता, दुकानाची शान वाढावी म्हणून. "परसों एक जण तर आत येऊन बसला. म्हणे, ही माझी बायको आहे, पत्ता द्या. मी म्हटलं, भाऊ, असं म्हणणारे दिवसाले दहा येतात. हिरोईन सबकीच बायको असते. साऱ्या दुकानात हसू झालं. चिडून गेला बिचारा."

नलूताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"हातात किल्ल्यांचा जुडगा होता काय?" तिनं विचारलं. "सारखा वाजवत होता?"

"हो ना. खुळखुळ खुळखुळ, डोकं उठवलं. तुम्ही ओळखता का त्याले?"

"नाही," नलूताई म्हणाली.

स्टुडिओवाल्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खुर्ची घट्ट धरलेल्या तिच्या हातांकडे. त्यानं पुढं काही विचारलं नाही, हे मी त्याचं मोठेपण मानते. मुकाट्यानं काचेत शिरला, फोटो उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

"निगेटिव्ह पण द्या," ती म्हणाली.

"निगेटिव्ह कोणी देते काय ताई? ते तर स्टुडिओचं असते."

"तुम्ही मले विचारलं होतं काय?" आवाज चढवला नव्हता. "काचेत लावताना विचारलं होतं काय?"

तो डार्करूमचा पडदा सरकवून आत गेला आणि लहानसं पाकीट घेऊन आला, तिच्या हातात न देता काउंटरवर ठेवलं. "माफ करा," म्हणाला. "आता कोणी पुसलं तर सांगतो, हिरोईन बंबईले वापस गेली."

परतीच्या बसमध्ये तेवढं मोठं धूड घेऊन चढलो. नलूताईनं ते सीटखाली सरकवलं तर कंडक्टर ओरडला, "देवाचा फोटो आहे ना वं? पायाशी काहून ठेवतेस? मांडीवर घे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाकून तो उचलला, मांडीवर घेतला, आणि खापरखेडा येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. मानकापूरच्या पुढे कधीतरी ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं. नलूताई म्हणाली, "देव फार जड आहे."

रविवारी काकू सगळ्या बायांना घेऊन बर्डीवर गेल्या. परत आल्या त्या फणफणत. काचेत म्हणे एका गुबगुबीत पोराचा फोटो होता. "सिनेमावालीच असंल मग ती, पयले तुम्हीच म्हणत होत्या," आई म्हणाली आणि पोळी उलटवली. नलूताईला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पुढे ती लांबच्या एका दवाखान्यात मेट्रन झाली. किल्ल्या वाजवणारा तिला शोधू शकला नाही. तो आता नाहीही.

म्हणून परवा मला वाटलं, आता काय हरकत आहे. हा लेख लिहायला घेतला आणि तिला फोन केला. तो फोटो इथे टाकू का, असं विचारलं.

"कोण पाहीन तो?" तिनं विचारलं.

"सारेच."

"सारे म्हणजे कोण कोण?"

वाचक आहेत, त्यांच्या ओळखीचे आहेत, मग पुढे कुणाकुणाच्या मोबाइलवर जाईल, मला काय माहीत. इथून उतरवायचा म्हटलं तर कुठल्या दुकानाची पायरी चढायची, कुणाकडे निगेटिव्ह मागायचं, हेही माहीत नाही. तेवढं मी तिला खरंखरं सांगितलं.

"गोष्ट सांग," ती म्हणाली. "नाव बदल. तोंड राहू दे माझ्यापाशीच." आणि मग जरा हसून म्हणाली, "पण तू विचारलंस, बरं वाटलं मले."

नाव बदललं आहे. आणखीही एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत, कुठल्या ते विचारू नका. फोटो मात्र मी दिवाळीत तिच्याकडे गेले होते तेव्हा पाहिला. भिंतीवर नाही. कपाटाच्या दाराला आतून लावलाय. रोज सकाळी साडी काढायला ती दार उघडते, त्या दोघी एकमेकींना पाहतात, आणि मग ती दार लावून घेते.