आधी आपल्या घरचं

कुणाला त्याची चूक सांगायची असली की माई आधी स्वतःच्या घरची चूक काढायची. शेजारणीने सुनेला टोमणे मारले, तर ओटीवर बसून सांगणार, "मी माझ्या सुनेला पहिल्या वर्षी फार छळलं हो." शेजारीण हसायची आणि टोमणे कमी व्हायचे. मला हा प्रकार मिळमिळीत वाटायचा. मी तिची भाची, पण तोंडावर बोलणारी बाई.

"अगं, माणसाला आधी बसू तरी दे," माई मला म्हणायची. "उभ्या उभ्या धरलंस की तो एक तर भांडतो, नाहीतर पळतो."

म्हसळ्याजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायचं काम कातकरवाडीतल्या यमुनेला मिळालं आणि आठवडाभरात निम्मी पोरं घरून डबे आणू लागली. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. शेवटी पालकांची सभा भरली. यमुना दाराशी पदर घट्ट धरून उभी. तिचं काम त्या दिवशी जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

"पोरं जेवत न्हाईत, आमी काय करनार? बाई बदला," एक बाप म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मी उठणार, तोच माईने माझा हात दाबला आणि स्वतः उभी राहिली.

"आमच्या सुपारीच्या वाडीत कातकरी कामाला यायचे," ती म्हणाली. "त्यांना चहा मी करवंटीत द्यायचे, वरून ओतून. घरात कपांनी कपाट भरलेलं. एकदा या यमुनेच्या आईचा हात पोळला. मी फडकंसुद्धा दिलं नाही, विटाळ होईल म्हणून."

"वहिनी, पुरे!" माईचे धाकटे दीर गरजले. "घराची अब्रू चव्हाट्यावर मांडताय?" आणि ते तरातरा निघून गेले.

माई बसली नाही. "यमुने, खिचडी झाली असेल ना गं? मी जेवते. एकटीला गोड लागत नाही. कोण बसतंय माझ्याबरोबर?"

कुणी हलेना. मग तोच बाप खाली बघत म्हणाला, "आमच्याकडं बी करवंटीच होती." आणि माईशेजारी मांडी घालून बसला.

यमुनेचं काम टिकलं. हळूहळू डबे बंद झाले. दिरांचा नातूही तिच्या हातचं जेवू लागला. दीर मात्र माईच्या घरी पुन्हा आले नाहीत. कुंपणापलीकडे राहणारा माणूस! मला भयंकर संताप यायचा. माई म्हणायची, "मी चव्हाट्यावर मांडलं ते त्यांच्या आईचंच घर ना. लागेल वेळ."

शेवटच्या आजारात तिने एकदाच विचारलं, "भावजी येऊन गेले का गं?"

"हो, तू झोपली होतीस," मी म्हणाले.

माझ्याकडे बघत राहिली. "बरं झालं," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिला खोटं कळलं होतं.