वरच्या सळया

"मेये इंजिनियर, किंतु बोबा."

मुलगी इंजिनियर आहे, पण मुकी. मिस्त्री हे विडी पेटवताना दुसऱ्याला म्हणाला. मी शिडीच्या मागेच उभी होते. ते हसले. राग आला नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात; साइटवर मी तोंडच उघडत नव्हते.

बाबांची बँकेतली शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. बराकपूरला घर बांधायला काढलं. त्या दिवशी तळमजल्याच्या छताची ढलाई होती, म्हणजे स्लॅब ओतायचा होता. त्याच स्लॅबमधून वरच्या खोलीची बाल्कनी पुढे निघणार होती. ढलाईच्या दिवशी कामगारांना मटण-भात घालायची इकडे रीत आहे. आई अंगणात मोठ्या पातेल्यापाशी बसली होती. तिचे गुडघे गेलेत. वर गेल्यावर खाली उतरायचं नाही, बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

नकाशा मी काढला होता. सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर सळयाच काढते. साइटवर कधी उभी राहिले नव्हते. शब्दही मला इंग्रजीतून येतात. बाबा रोज संध्याकाळी मराठी शब्द सांगायचे. प्लिंथ म्हणजे जोतं, बीम म्हणजे तुळई, भिंत सरळ आली का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. कँटिलिव्हरला मात्र त्यांच्याकडे शब्द नव्हता.

"एका बाजूने घरात धरलेलं, पुढे अधांतरी," मी म्हणाले होते.

"मग पडत कसं नाही गं?"

"वरच्या सळया मागून ओढून धरतात."

साधा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. तो मध्ये वाकतो आणि खालून ताणला जातो, म्हणून सळया खाली. बाल्कनी वरून ताणली जाते, म्हणून सळया वर. आदल्या संध्याकाळी त्या वरच होत्या, सळईच्याच छोट्या घोड्यांवर उचललेल्या. मी पाहून गेले होते.

शिडी चढून वर आले. सकाळपासून माणसं बाल्कनीच्या सळयांवरूनच ये-जा करत होती. घोड्या आडव्या झाल्या होत्या आणि सळया खालच्या साच्याच्या फळ्यांना चिकटल्या होत्या.

मिक्सर फिरत होता. पहिली घमेली मागच्या कोपऱ्यात पडली. मिस्त्रीने बाबांना हाक मारली, "काकाबाबू, मिठाई कोथाय?" बाबा पेढ्यांचा खोका घेऊन हसत वर आले. या मिस्त्रीने गल्लीतली अर्धी घरं बांधली आहेत. मी एकही नाही. वाटलं, त्याला माहीत असेल. वाटलं, तो ओततानाच वर उचलेल. अशी मी तीन-चार घमेली होईपर्यंत उभी राहिले. ओला थर पसरत बाल्कनीकडे येत होता.

खालून आईने विचारलं, "झाली का गं माझी बाल्कनी?"

बाबांनी पेढा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. आवाज फाटला, पण निघाला.

"बाबा, मिक्सर बंद करायला सांगा. बाल्कनीच्या सळया खाली गेल्यात. अशी ओतली तर आईला मी तिथे बसू देणार नाही."