भाडेकरूला खिडकी कशाला?

आमच्या घरामागची खोली आम्ही दोनदा बांधली. एकाच जागेवर, एकाच उन्हाळ्यात आणि एकाच मिस्त्रीकडून.

ती बांधायचं कारण म्हणजे माझे वडील. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते. आई गेल्यापासून मुदखेडला दोन खोल्यांत एकटे राहत. मी त्यांची एकुलती एक लेक, नांदेडला शाळेत गणित शिकवते. (हे गणिताचं लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.) दिवाळीनंतर अण्णा न्हाणीत घसरून पडले आणि कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. मला ते कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून, आठवडाभरानं. मी तशीच मुदखेडला गेले आणि म्हटलं, आता आमच्याकडे राहायला चला.

"लेकीच्या घरी पाव्हना म्हणून येईन," अण्णा म्हणाले. "ऱ्हायला न्हाई."

आमच्याकडच्या जुन्या माणसांचं हे ठरलेलंच असतं. जावयाच्या घरी चहा घेतील, नातीला खांद्यावर बसवून कॉलनीभर फिरवतील, पण अंथरूण पसरणार नाहीत. लोक काय म्हणतील! (लोक आपापल्या हप्त्यांच्या काळजीत असतात, पण हे अण्णांना कोण सांगणार?)

मग मला युक्ती सुचली. घरामागे रिकामी जागा होती. तिथे एक खोली काढायची, दार वेगळं, ओटा वेगळा, संडास-बाथरूम वेगळं. मग ते लेकीचं घर कसलं? पण तुमच्यासाठी बांधतेय म्हटलं असतं, तर अण्णांनी एक वीट रचू दिली नसती. म्हणून सांगितलं की भाडेकरू ठेवायचाय. माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, पाच लाखांत हिशेब बसवला. "थोडं इकडंतिकडं होईल," असंही म्हणाला. पुढे इकडं काही राहिलं नाही, सगळं तिकडंच गेलं.

कारण आम्ही दोघं नोकरीला जाणार, म्हणून देखरेखीला मी बोलावलं अण्णांनाच. त्यांना या घराची सवय होईल, हा माझा डाव.

अण्णा सकाळच्या गाडीनं यायचे, सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पाण्याची बाटलीसुद्धा मुदखेडहून आणायचे. लेकीचा पैसा वाचवायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. आणि तो वाचवायचा कुणाच्या जिवावर, तर त्या न आलेल्या भाडेकरूच्या! भिंती वर आल्या त्याच आठवड्यात मी शाळेतून आले तर खिडकीची चौकट अर्धी विटांनी बुजवलेली. उरली होती ती तिकीटखिडकी.

"भाडेकरूला एवढी मोठी खिडकी कशाला?" अण्णा म्हणाले. "गाड्या मोजणार हाय का तो?"

अण्णा स्टेशनकडे गेल्यावर मी खाजा मिस्त्रींना विटा काढायला लावल्या. सकाळी अण्णांना वाटलं, मिस्त्री चुकला. त्यांनी पुन्हा बुजवून घेतली. पुढे ओट्याची लांबी निम्मी झाली. मी वाढवली. कमोडच्या जागी साधं भांडं आलं. मी कमोड परत आणला. दार तर त्यांनी इतकं अरुंद करून घेतलं, की आत पलंग आडवा गेला नसता आणि उभाही गेला नसता. मी वैतागले, की खाजा मिस्त्री शांतपणे तंबाखू मळत म्हणायचे, "ताई, दिवसा अण्णांचं ऐकतो, सांजच्याला तुमचं. आपल्याला काय, फोडायची हजरी आन् बांधायची हजरी एकच हाय."

शेवटी मी सगळं प्रशांतच्या नावावर खपवायला लागले. मोठी खिडकी यांना हवीय, कमोड यांना हवाय. जावयापुढे अण्णा बोलत नाहीत. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "मानूस चांगला हाय, पण लई उधळ्या हाय. तू तरी काहून पैसे घालून राहिलीस?" बिचाऱ्या प्रशांतनं नवी गाडी घ्यायला साठवलेले पैसे त्या खिडकीत दोनदा घातले होते, आणि वर हे नाव! रेती, सिमेंट, मिस्त्रीची रोजची हजरी असं करत आकडा आठ लाखांवर गेला. मग खिडकी तिसऱ्यांदा बुजली, तेव्हा मी गप्प बसले. पैसे संपत आले होते.

उरलेल्या पैशांत एकच वस्तू आणली. कमोडशेजारी भिंतीत बसवायची स्टीलची दांडी. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अण्णा बाथरूममध्ये उभे होते, ती दांडी हातात धरून.

"भाडेकरूला दांडी कशाला?" त्यांनी विचारलं.

"म्हातारा असला तर..." मी म्हटलं.

अण्णांनी दांडी एकदा ओढून पाहिली. पक्की होती. मग पिशवी उचलली आणि त्या दिवशी ते लवकरच्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. फोनवर "हाव", "न्हाई", "बराय" एवढंच. मला खरंच भीती वाटली. ते पडले तर मला आवाज यावा, एवढ्याचसाठी मी हे सगळं केलं होतं. आता ती खोली रिकामी राहणार आणि अण्णा तिकडे, त्याच निसरड्या न्हाणीत. मी रिकाम्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

रविवारी दारात रिक्षा थांबली. अण्णा उतरले. रिक्षावाल्यानं मागून त्यांची लोखंडी पेटी काढली, मग वळकटी, मग स्टोव्ह.

"भाडेकरू मिळाला," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मुदखेडचाच हाय. रिटायर. एकटाच हाय. म्हैन्याला पाचशे देईल, लाईटबिल धरून. भाडं देतो म्हनल्यावर ‘लेकीच्या घरी ऱ्हायला’ असं कुनी म्हनायचं काम न्हाई."

 प्रशांतनं पेटी उचलली आणि अगदी घरमालकाच्या थाटात विचारलं, "भाडेकरू शांत आहे ना? आम्हाला गोंगाट चालत नाही."

"घोरतो जरासा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाडेकरूनं आमचं दार वाजवलं. तक्रार होती.

"घरमालकीणबाई, खिडकी लई बारकी हाय. अंगनात नात खेळती ती दिसत न्हाई. कुनी ठेवली एवढी बारकी?"

मी खाजा मिस्त्रींना फोन लावला. ते थापी घेऊन आले, खिडकीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मला हळूच म्हणाले, "ताई, आता कुनाचं ऐकू?"

"भाडेकरूचं," मी म्हटलं.

संध्याकाळी नव्या मोठ्या खिडकीत अण्णा चहा पीत बसले होते आणि आमची लेक, त्यांची नात, बाहेरून त्यांच्याकडे तिकीट मागत होती. प्रशांत वही घेऊन माझ्याशेजारी बसला. सगळा खर्च मांडून, पाचशेनं भागून त्यानं सांगितलं, की पैसे वसूल व्हायला या भाडेकरूला सव्वाशेहून जास्त वर्षं राहावं लागेल.

मी गणिताची शिक्षिका. वही हातात घेऊन दोनदा तपासलं आणि म्हटलं, हिशेब बरोबर आहे, तेवढं राहू दे त्यांना.