राऊळ मिस्त्रींचं दोनतारी तेल

राऊळ मिस्त्री इंजिनाचं तेल हलवायाच्या नजरेने पारखायचे. डब्यात बोट बुडवायचं, एक थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घ्यायचा, बोटं सावकाश लांब न्यायची आणि मध्ये तार येते का ते उजेडाकडे धरून बघायचं. साखरेच्या पाकाची असते तशी तेलाचीही त्यांची प्रतवारी होती. एकतारी तेल स्कूटरला, दोनतारी मोटारीला आणि गोळीबंद ट्रकला. पारख झाली की बोटं ते डोक्याला पुसायचे. साठी जवळ आली तरी त्यांच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता, आणि याचं सगळं श्रेय ते दोनतारीला देत.

मुलुंडला पाचरस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. माझे वडील त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बाबा गेल्यावर त्यांची रणगाड्यासारखी जुनी गाडी माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर मिस्त्रीही आले. मी तेव्हा भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. बाई स्वतः गाडी चालवत गॅरेजात आली की इतर मिस्त्री आधी मागच्या सीटवर कोणी पुरुष आहे का ते बघत. राऊळ मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एवढंच विचारलं, "बाय, गाडी चालवतंस ता बरा. पण तेल कोणाक विचारून घालतंस?"

तेल हा त्यांच्या बोलण्याचा विषय नव्हता, तो त्यांचा धर्म होता. "लोखंडाक लोखंड लागता नये," ते सांगायचे. "मधी गादी व्हयी. आणि गादी जितकी जाड, तितकी झोप बरी." हे ऐकून मान डोलावली नाही, तर पुढचं उदाहरण यायचं, "तेल म्हंजे जावय. घरात इलो तर वजन जाणवाक व्हया." गाडी कुठलीही असो आणि रोग कुठलाही असो, औषध एकच. एकदा माझ्या गाडीचा हॉर्न वाजत नव्हता, तेव्हाही त्यांनी आधी तेल पाहिलं होतं.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती नवी छोटी गाडी बाजारात आली. नाव नोंदवायचं, सोडत निघायची आणि नशीब असेल तर नंबर लागायचा. आमच्या इमारतीत दोघांचा लागला. एक मी आणि दुसरे पहिल्या मजल्यावरचे नाडकर्णीकाका. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वरच्या साहेबाच्या शेऱ्याखाली सही केल्यामुळे, एकदा कुणाला वरचा मानलं की ते त्याचा शब्द खाली पडू देत नसत. गाड्यांच्या बाबतीत त्यांनी राऊळ मिस्त्रींना वरचं मानलं होतं.

गाडीबरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्यात तेल कुठलं घालायचं ते आकड्यांत दिलं होतं, आणि ते आकडे पातळ तेलाचे होते. मी तसा डबा घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्यांनी बोट बुडवलं, बोटं लांब केली. तार आली नाही. पुन्हा केली. पुन्हा आली नाही. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाय, ह्यां तेल नाय. ह्यां सरबत."

"पुस्तकात हेच लिहिलंय, मिस्त्री."

"पुस्तक लिवणाऱ्यान कधी इंजिन उघडल्यान काय?"

"त्यांनीच तर बनवलंय ते."

मिस्त्रींनी डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बनवणारो येगळो, जगवणारो येगळो."

शेवटी तेल माझंच पडलं, पण कसं पडलं ते पाहण्यासारखं होतं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, डबा वाकडा केला आणि तेल ओतत असताना गाडीच्या बॉनेटवर डावा हात ठेवून, लहान मुलाला इंजेक्शन देताना म्हणतात तसं, "झाला, झाला," म्हणत राहिले. पुढची तीन वर्षं दर वेळी हाच सोहळा झाला. नाडकर्णीकाकांच्या गाडीत मात्र दोनतारी गेलं. ते ओतताना मिस्त्रींच्या चेहऱ्यावर श्रीखंड वाढणाऱ्या यजमानाचं समाधान असायचं.

मी प्रयोगशाळेतली. रंग किती दाट आहे हे मोजायला आमच्याकडे तळाला बारीक भोक असलेला पेला असे. त्यात रंग भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि सगळा खाली यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. एका शनिवारी साहेबांची परवानगी काढून मी मिस्त्रींना कारखान्यात नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि चिवड्याच्या डब्यातून दोनतारी घेऊन आले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा उघडायला लावला आणि बोट घालून चव बघितली. त्याने काही म्हणायच्या आत आम्ही आत गेलो.

थंड दोनतारी पेल्यातून इतकं सावकाश उतरलं की मिस्त्री मध्येच खुर्चीवर जाऊन बसले. "बघितलंस? घाई नाय," ते अभिमानाने म्हणाले. पातळ तेल भरभर उतरलं, तेव्हा त्यांनी फक्त नाक मुरडलं. मग मी दोन्ही तेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून चांगली तापवली, चालत्या इंजिनात तापतात तशी. आता दोनतारी पेल्यातून धावत सुटलं. पातळ तेलाच्या मागे होतं, पण थोडंच.

मिस्त्री उठून उभे राहिले. पेल्याच्या तळाशी वाकले. त्यांनी गरम तेलाचा थेंब बोटांत धरला, बोटं लांब केली. तार नव्हती. घरातल्या माणसाने दगा द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"इतकी वर्सां वापरतंय ह्यां तेल," ते हळू आवाजात म्हणाले, "माका कधी सांगल्यान नाय."

मी समजावून सांगितलं. तापलं की दोन्ही पातळच होतात. फरक पडतो तो सकाळी, इंजिन थंड असताना. नव्या इंजिनातल्या फटी बारीक, तेलाला खालून वरपर्यंत चढायचं असतं. दाट तेल चढायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ वरचं लोखंड कोरडं घासतं. जुन्या गाडीच्या फटी मोठ्या, तिला दाटच बरं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, चिवड्याच्या डब्याला झाकण लावलं आणि म्हणाले, "ता तुझ्या पेल्यात. इंजिनात पेलो नाय." परत जाताना त्यांनी दोन्ही हातांनी तो डबा छातीशी धरला होता.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा नाडकर्णीकाकांची गाडी सकाळी सुरू होताना खटखट आवाज करायला लागली. मिनिटभर वाजायची आणि थांबायची. काका म्हणाले, नव्या गाड्यांना अशी सवयच असते. आवाज वाढला तेव्हा ती गॅरेजात गेली. त्याच दिवशी माझ्या गाडीचं वरचं झाकण पाझरत होतं म्हणून मीही तिथेच होते. मिस्त्रींनी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावून दोघींची झाकणं काढली.

माझ्या इंजिनाची झडपा उघडणारी आतली दांडी आरशासारखी होती. काकांच्या इंजिनातल्या दांडीवर चरे पडले होते, तिचे उंचवटे झिजले होते आणि कोपऱ्याकोपऱ्यात काळा चिखल बसला होता. मिस्त्रींनी एकीत बोट फिरवलं, मग दुसरीत फिरवलं. असं त्यांनी चार वेळा केलं. त्या दिवशी बोटं त्यांनी डोक्याला पुसली नाहीत, फडक्याला पुसली.

मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "मिस्त्री, दोन गाड्यांवरून काही सिद्ध होत नाही. काका फक्त भाजी आणायला गाडी काढतात, इंजिन धड तापतही नाही. माझी रोज भांडुपपर्यंत जाते."

"म्हंजे त्येंचा इंजिन कायम थंड. आणि थंडात दाट तेल वर चढणा नाय. ताच ना तू पेल्यात दाखवलंस?"

"तेच."

"मगे माका सांभाळून कित्याक घेतंस?"

त्यांनी कामाची वही काढली. त्या जातीच्या नव्या छोट्या गाड्या त्यांच्याकडे अकरा होत्या. एक माझी. उरलेल्या दहांमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने, प्रेमाने, दोनतारी घातलं होतं.

नाडकर्णीकाकांची दांडी त्यांनी स्वतः बदलून दिली. मग सायकलच्या कॅरिअरला पातळ तेलाचे डबे बांधून ते निघाले. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, निरोपही धाडला नाही. नाहूर, भांडुप, चेकनाक्यापलीकडे ठाण्यात एक, असे ते आठवडाभर फिरत होते. दारात उभे राहून म्हणायचे, "मी चुकलंय. तुमच्या गाडयेत मी चुकीचा तेल घातलंय. ता काढूक इलंय." लोक घाबरायचे. एका बाईंना वाटलं, गाडीत काहीतरी विषारी घातलंय. त्यांनी मुलांना गाडीपासून लांब उभं केलं आणि स्वतः नाकाला पदर लावला.

सगळ्यात अवघड गेले नाडकर्णीकाका. त्यांच्या दारात मिस्त्री उभे होते तेव्हा मी जिन्यावर होते, आणि खरं सांगायचं तर चप्पल सापडत नसल्याचं निमित्त करून तिथेच थांबले.

"पातळ?" काका म्हणाले. "माझ्या गाडीत? मिस्त्री, गादी जितकी जाड तितकी झोप बरी. कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हटलंय, सायब. पण ह्या गाडयेक गादी नको, चादर व्हयी."

"आणि तेल म्हणजे जावई, घरात आला तर वजन जाणवायला हवं, हे?"

"ता पण मीच म्हटलंय."

"मग माझं मत असं आहे, मिस्त्री, की माझी गाडी बिघडली कारण तेल पुरेसं दाट नव्हतं. ते ट्रकचं असतं ना तुमच्याकडे, गोळीबंद? ते घाला."

मिस्त्रींनी कपाळ दाराच्या चौकटीला टेकलं. मग ते आत जाऊन बसले आणि तासभर स्वतःशीच भांडले, कारण काकांच्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य त्यांचंच होतं. इतक्या वर्षांत त्यांनी लोकांच्या डोक्यात काय काय भरलं होतं ते त्यांना त्या दिवशी एका बैठकीत ऐकावं लागलं. काकूंनी दोनदा चहा केला. शेवटी काका म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून घालतो, पण मला ते पटलेलं नाही. तसं लिहून ठेवा." मिस्त्रींनी वहीत खरंच लिहून ठेवलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपलं बदललेलं मत गल्लीला कळावं म्हणून त्यांनी गॅरेजच्या पाटीवर एक ओळ वाढवायला पेंटर बोलावला. मजकूर होता, 'येथे पातळ तेल मिळेल'. पाटीवर जागा कमी होती. पेंटरने आपल्या अकलेने 'तेल' गाळलं आणि 'येथे पातळ मिळेल' एवढंच लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एक बाई नणंदेला घेऊन आल्या. घरात लग्न होतं, त्यांना नऊवारी पातळं बघायची होती. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, पाटीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाये, पातळ आसा. पण ता नेसूक येवचा नाय."

पुढे गुडघे धरले तेव्हा मिस्त्रींनी गॅरेज पुतण्याकडे दिलं आणि ते गावी गेले. जाताना आमच्या घरी भेटायला आले, माझ्या आईच्या पाया पडले, गाडीचं झाकण उघडून एकदा आत बघितलं आणि बंद केलं. वर्षभराने ते गेल्याचं कळलं. झोपेतच गेले. दशक सरत आलं होतं.

नंतर त्यांच्या घरच्या, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, पुतण्याकडे आल्या तेव्हा मी भेटायला गेले. त्यांनीच सुरुवात केली.

"त्येंका तुमचो राग होतो हां," त्या म्हणाल्या.

"माझा?"

"होय. गावात कोण पण भेटलो की सांगायचे, मुलुंडात एक बाय आसा, तिना माका म्हाताऱ्याक सायकलीवरून दहा घरां फिरवल्यान. दर खेपेक सांगायचे."

"मग लोक काय म्हणायचे?"

"लोक काय म्हणतले? आयकून घेयत. सांगून झाला की हे येकटेच हसायचे. इतके हसायचे, की माका उठून पाणी देवचा लागायचा."