कडू अंडी, घरातला नळ

आमच्या मालकांना, म्हंजे माझ्या कुकवाच्या धन्याला, सगळं येतं. काय येत न्हाई ते इचारा, म्हंजे लवकर उरकंल. "मला म्हाईत न्हाई" एवढं बोलायला त्यांची जीभ काय वळत न्हाई. कुनी परगावचा मानूस रस्ता इचारायला थांबला, की ठावं असो नसो, हात लांब करून सांगनार, "असं सरळ जावा." लोकं सरळ जाऊन पवनेच्या काठाला लागल्याली मी डोळ्यानं बघितली हायेत.

देहूरोडला लष्कराच्या मेसमधी मालक बशा धुवायला व्हतं. बशा धुता धुता म्हनं इंग्रजी सैपाक शिकलं. त्या जोरावर चिंचवडच्या येका कंपनीच्या गेस्टहाऊसात खानसामा म्हनून चिकटलं. पन टेंपरवारी. थोडं महिने झालं की कंपनी ब्रेक द्यायची, मंग घरी बसा, परत जाऊन हातापाया पडा. पर्मनंट झालेल्याला कॉलनीत कॉटर मिळायचं, आनि कॉटरात नळ. घराच्या आत नळ, बाई! मी थेरगावच्या हापशावर भांडून पानी भरनारी. दुष्काळाच्या सालात तर तिथं घागरीनं डोकी फुटली. मला डोरलं नको व्हतं, पाटल्या नको व्हत्या. मला नळ पायजे व्हता.

गेस्टहाऊसात मालकांचं येकच खानं गाजल्यालं. अंडी उकडायची, मधोमध कापायची, पिवळा बलक काढून मोहरी-मिरीत कुस्करायचा आनि परत त्याच खड्ड्यात भरायचा. हाय काय त्यात? पन मालक सांगायचं असं, की जनू अंडं कोंबडीनं न्हाई, त्यांनीच घातलंय.

येक दिस लेबर ऑफिसर अर्जुनरावांनी त्यांना बोलावलं. हे अर्जुनराव दुसरं शहानं. टाय बांधायचं, पुरनपोळी पन काट्यानं खायचं. टेबलावर टोपली, टोपलीत हिरवी, पेरूपरीस मोठी, दगडासारखी टनक फळं.

"सयाजी, हे लोणीफळ, अ‍ॅव्होकाडो. कंपनीच्या कामासाठी आलेल्या जर्मन मॅडमनी बेंगलोरहून मागवलंय. नवीन शेडच्या पार्टीला तुझ्या अंड्यांत बलकाबरोबर हे कुस्करून भरायचं. मॅडम खूश झाल्या तर तुझी पर्मनंटची ऑर्डर मी स्वतः टाइप करून घेतो. माहीत आहे ना हे फळ?"

"व्हय साहेब. मेसमधी रोज असायचं."

रोज! मेसमधी रोज दुधीभोपळा असायचा, हे मला त्यांनीच सांगितल्यालं.

फळं टावेलात बांधून घरी आनली. आंब्याची घालतात तशी भाताच्या पेंढ्यात आढी घातली, वर गोनपाट, आनि खाटंखाली सारली. सकाळी उठलं की देवाच्या आधी फळाचा वास घ्यायचं. वास काय येईना, रंग काय बदलंना. शेजारची सोजरबाई येऊन फळ दाबून बघून गेली. म्हनली, "आवं, मऊ झालंया की. पिकलं."

"सोजराक्का, हिरवं फळ कधी पिकल्यालं बघितलंय का? पिवळं पडल्याबिगर पिकलं कसं म्हनायचं?" मालक म्हनलं.

पार्टीच्या दिवशी कापलं. आतनं बी हिरवं. मालक म्हनलं, "बघ, कच्चं हाय का न्हाई? आता शिजवल्याबिगर गत न्हाई." बोटानं येकदा चाखून बघावं का न्हाई? छ्या! सगळं येनारा मानूस चाखतो व्हय? दिलं वाफेवर ठेवून, वरनं हळदीची फोडनी. ते शिजल्यावर चमचाभर मी तोंडात घातलं. आई गं! कारलं बरं म्हनायची पाळी. हे फळ शिजवलं की कडू व्हतं, हे मला लई मागनं कळलं. गूळ घातला, लिंबू पिळलं, कडूपना काय हटंना.

"आवं, अर्जुनरावास्नी जाऊन सांगा. चुकलं म्हना. मानूसच हाय, चुकतं."

"मला शिकवू नगंस. ह्या फळाची चवच अशी असती," मालक म्हनलं आनि अंडी भरायला बसलं.

भांडी घासायला म्हनून मी बी संगं गेले. खरं सांगू? माझा नळ बुडताना मला बघायचा व्हता.

अर्जुनरावांनी ताट फिरायच्या आधीच येक अंडं उचललं. चावलं. कपाळावरची शीर उडाली, डोळ्याला पानी आलं. पन चार दिस सगळ्या हाफिसात सांगत हिंडल्यालं ना, की बेंगलोरच्या क्लबात मी हे नेहमी खातो म्हनून. आता थुकतील कसं? गिळलं आनि म्हनलं, "वा! अस्सल चव!" मंग काय, सगळ्या टायवाल्यांनी येकेक उचललं. तोंडं वाकडी आनि मुंड्या हालवतायत, छान छान! येवढी शिकल्याली मानसं, येकाच्या बी तोंडातनं "कडू" निघंना.

मॅडमनी जरासं चावलं आनि त्या थांबल्या. बशी खाली ठेवून मालकांकडं बघितलं. कायतरी इचारलं. अर्जुनराव म्हनलं, "मॅडम विचारतात, यात काय काय घातलंस?"

मालकांची छाती पुढं. "सांगा त्यास्नी, खास मेसची पद्धत हाय."

मॅडमची नजर दारातनं माझ्यावर आली. हातानं जवळ बोलावलं. येक अंडं उचलून माझ्या हातात दिलं, खा म्हनून खुनावलं. मालकांची नजर माझ्यावर, अर्जुनरावांची नजर माझ्यावर. दोघांच्या बी तोंडचं पानी पळाल्यालं. जल्मात पयल्यांदा येवढी शहानी मानसं माझ्या तोंडाकडं बघत व्हती. कडू हाय म्हनलं असतं, तर दोघांची बी खोड मोडली असती. जिभेच्या टोकावर आल्यालं व्हतं, आईच्यान!

पन माझ्या डोळ्यापुढं हापसा आला. कळशी आली. मी ते अंडं सगळं चावलं, गिळलं, आनि म्हनलं, "लई ब्येस."

अर्जुनरावांनी हुश्श केलं. मॅडम मातर माझ्याकडं बघतच व्हत्या. भाषा येत न्हवती त्यांना, पन बाईचं गिळनं बाईला कळतं. जगमधलं पानी पेल्यात वतून त्यांनी स्वतःच्या हातानं मला दिलं. तेवढ्यापुरती मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

दिवाळीच्या आत मॅडम त्यांच्या मुलखाला गेल्या. आनि मालक पर्मनंट झालं. होनारच व्हतं. त्यांना घालवायचं म्हंजे अर्जुनरावांना आपुन काय खाल्लं ते कबूल करायला लागलं असतं.

आता आमी कॉलनीत ऱ्हातो. ती फळं हिकडं मिळत न्हाईत, पन कंपनीत कुनी मोठा पावना आला की अर्जुनरावांचा निरोप येतो, आज ती जर्मन अंडी पायजेत. मालक मंडईतनं कारली आनत्यात, उकडून कुस्करत्यात आनि बलकात भरत्यात. नव्या साहेबाला जुना साहेब सांगतो, हे असंच असतं, जर्मनीत बी असंच खात्यात. नवा साहेब गिळतो आनि म्हनतो, वा. फुडच्या साली तोच दुसऱ्याला सांगतो.

रात्री मालक घरी आलं, की पायातलं वहान काढायच्या आधी सुरू व्हत्यात, "आज पन ताटात येक उरलं न्हाई. अगं, ही चव वळखायला पारख लागती, पारख!"

मी तवर भांड्यांपुढं बसल्याली असते. नळ फुल सोडते, म्हंजे त्यांचं काय सुदीक ऐकू येत न्हाई.