तिरप्या मानेचा चष्मा

तिरपेमामांचं खरं नाव मी हजेरीपटात एकदा वाचलं होतं. नंतर विसरले. जलतरण तलावावर त्या नावाने त्यांना कुणीच हाक मारत नाही. ते जीवरक्षक आहेत. सत्तावीस वर्षं त्याच उंच लोखंडी खुर्चीवर बसतात, आणि बसले की त्यांची मान डाव्या खांद्याकडे कलते. म्हणून तिरपेमामा.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि तलावाच्या खिडकीत बसून तिकिटं फाडते. ते मला विदुषी म्हणतात. "विदुषी, आज किती डोकी?" ही आमची रोजची सुरुवात. त्यांच्या-माझ्या वयात तीस वर्षांचं अंतर आहे, तरी दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतो. एवढ्यावर मैत्री झाली.

त्या बुधवारी चहा घेताना ते म्हणाले, "गेल्या सुट्टीतली निळ्या टोपीची मुलगी आठवते?"

आठवणार नाही कशी? दुपारी चार वाजता ती खोल बाजूला बुडाली. कुणाच्या काही लक्षात यायच्या आत मामांनी उडी मारून तिला वर काढलं. पोहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकांनी सन्मानपत्र दिलं, त्यात 'तीक्ष्ण नजर' असे शब्द आहेत. ते अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे.

"ती मला दिसली नव्हती," मामा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"चार वाजता ऊन समोरून येतं. खोल बाजूचं पाणी पत्र्यासारखं चमकतं. आत काय आहे, कळत नाही. तीन वर्षं झाली. मी पोरांचे आवाज ऐकतो. त्या दिवशी तिचा आवाज होता, होता, आणि एकदम नाही. जिथून नाहीसा झाला तिथं मी उडी मारली."

त्यांचा उजवा कान तरुणपणी सूर मारून मारून गेला. डावा चांगला आहे, तो ते पाण्याकडे लावतात. मान त्यामुळे कलते. इतकी वर्षं आम्ही सगळे ती त्यांची ऐट समजत होतो.

"सोमवारपासून शाळांना सुट्ट्या," ते म्हणाले. "एका वेळी दोनशे पोरं. तेवढ्या गोंगाटात एकटा कान पुरत नाही. रविवारपर्यंत मला तळ दिसला नाही, तर मी खुर्ची सोडतो."

"आणि मग काय करणार?"

"तुझ्या शेजारी बसून तिकिटं फाडीन." ते हसले नाहीत.

काळे चष्मे त्यांच्याकडे तीन होते. एकाने चकाकी गेली नाही म्हणून दुसरा घेतला, तो अधिक काळा. तिसरा इतका काळा, की तो लावून त्यांनी एकदा व्यवस्थापक समजून कचऱ्याच्या डब्याला नमस्कार केला होता. हे मी पाहिलं आहे.

गुरुवारी आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. मामीही आल्या.

"सत्तावीस वर्षं मी समोर उभी राहते, ती यांना दिसत नाही," मामी दुकानातल्या ताईंना म्हणाल्या. "आता पाण्याचा तळ बघायचाय!"

ताईंनी तिन्ही काळे चष्मे उन्हात धरून पाहिले आणि बाजूला ठेवले. "काका, काळी काच सगळंच अंधारं करते. तुम्हाला पोलराइज्ड हवा. तो पाण्यावरून उसळणारी चकाकी तेवढी अडवतो, बाकीचं दिसू देतो." त्यांनी तसले दोन चष्मे घेऊन एकाची काच दुसऱ्यासमोर आडवी धरली. दोन्ही काचांतून आरपार दिसत होतं, ते क्षणात काळं झालं. "असं झालं तर खरा."

मामांचा कशावर पटकन विश्वास बसत नाही. त्यांनी ताट मागवलं, त्यात पाणी ओतलं, खिशातली कपाटाची किल्ली टाकली आणि ते ताट पायरीवर उन्हात ठेवलं. मग एकेक चष्मा लावून ताटाकडे पाहू लागले. येणारी-जाणारी माणसं ताट ओलांडून जात होती. सातव्या चष्म्याला ते म्हणाले, "किल्लीवरचा आकडा वाचता येतोय. एकेचाळीस." करडी काच, कानशिलापर्यंत वळलेली, धावपटू घालतात तशी फ्रेम.

"बघा तरी, तरणेबांड दिसताय," मामी म्हणाल्या. मामा लाजले.

शनिवारी चार वाजता आम्ही तलाव अर्धा तास रिकामा ठेवला. मामीही बघायला आल्या होत्या. मामा पाठ करून उभे राहिले. सूर मारायला शिकवताना वापरतात ती काळी रबरी चकती मी खोल बाजूला टाकली. मामा खुर्चीवर चढले.

बराच वेळ गेला.

"टाकलीस का?"

"टाकली."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नाही दिसत." ते खाली उतरले आणि चष्मा माझ्या हातात देऊन पंपाच्या खोलीकडे बघत राहिले.

मी खुर्चीवर चढले. चष्मा लावला. पाणी जणू कुणी उघडून ठेवलं होतं. फरशांच्या रेघा दिसत होत्या, चकती दिसत होती.

"मामा, दिसतेय की!"

ते पुन्हा चढले. पुन्हा काही नाही. खालून बघताना मला त्यांची मान दिसली.

"मामा, मान सरळ करा."

त्यांनी केली. "अरे!" म्हणाले. "ती बघ, शिडीपाशी." एवढं म्हणेपर्यंत मान पुन्हा डावीकडे गेली होती. "गेली."

दुकानात कान लावायला काही नव्हतं. तिथे मान सरळ राहिली होती.

त्यांनी खूप प्रयत्न केला. हनुवटीला हात लावून बसले. दोन मिनिटांनी हातासकट मान कलली.

"झोपेतसुद्धा तिकडेच जाते," मामी म्हणाल्या, पण या वेळी थट्टेने नाही.

"सरळ बसलो तर दिसेल," मामा म्हणाले. "पण मग ऐकू येणार नाही. मला दोन्ही लागतं."

संध्याकाळी आम्ही पुन्हा दुकानात. ताई आधी हसल्या, मग मामांची मान निरखू लागल्या. त्यांनी मामांना स्टुलावर बसवलं. "तलावावर बसता तसे बसा. रस्त्यावरचे आवाज ऐका." मामांची मान कलली. ताईंनी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

"मान कलली की काचही कलते, आणि कललेली काच चकाकी अडवत नाही. वळलेल्या फ्रेममध्ये काच फिरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "गोल फ्रेममध्ये फिरते. मान जितकी डावीकडे, तितकी काच उजवीकडे फिरवून बसवते. मात्र सरळ मानेनं बघाल, तर चकाकी परत येईल."

"सरळ मान मी कुठे ठेवतो?"

दुकानात गोल फ्रेम एकच होती, जुन्या हेडमास्तरांसारखी. मामांनी आरशात पाहिलं. "आजोबा दिसतोय."

"दिसताय कुठे, आहातच," मामी म्हणाल्या.

रविवारी चार वाजता मी चकती टाकली. मामा खुर्चीवर बसले, मान कलली.

"शिडीच्या डावीकडे, फरशीची तिसरी रांग," ते लगेच म्हणाले. मग थांबून, "विदुषी, चकतीच्या शेजारी केसांची पिन पडलीय. तुझी का?"

माझी नव्हती. मी सूर मारून ती वर काढली. गंजली होती. किती वर्षं तिथे पडून होती, कोण जाणे.

सोमवारी दोनशे पोरं आली. व्यवस्थापक चक्कर मारायला आले आणि खुर्चीपाशी थांबले. "मामा, मान जरा सरळ ठेवा. आईबाप बघतात."

"सरळ केली की दिसत नाही, साहेब."

त्यांना तो विनोद वाटला. ते हसत निघून गेले.

चार वाजले. समोरून ऊन आलं, खोल बाजूचं पाणी पत्र्यासारखं झालं. माझ्या खिडकीतून मला काहीच दिसत नव्हतं, नुसता कालवा ऐकू येत होता. तेवढ्यात मामांची शिटी वाजली.

"ए निळी टोपी! पाण्याखाली काय करतेस? वर ये, कठडा धर!"

चकाकीतून एक निळी टोपी वर आली. "श्वास मोजत होते!" ती ओरडली.

"कठडा धरून मोज," मामा म्हणाले.